माणसाचा काउंटर

जयपूरच्या विद्याधर नगरातल्या त्या मोठ्या किराणा दुकानात मधुमतीबाई रोज जायच्या, आणि रोज जावं एवढं घरात काही संपत नसे. घरात माणसं दोनच, त्या आणि मुलगा मिहीर. मिहीर डॉक्टर. तो हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवायचा आणि घरी आला की सवयीने फ्रिज उघडून पुन्हा बंद करायचा. महिन्याचं सामान एका खेपेत आलं असतं. पण बाई आज जिरं, उद्या मोहरी, परवा काड्यापेटी, असं तोडून तोडून आणत. मिहीरला वाटायचं, बरंय, आईचं चालणं होतं. डॉक्टर माणसाला सगळ्यात आधी व्यायाम दिसतो.

खरं कारण दुकानाच्या कोपऱ्यातल्या काउंटरवर बसलेलं असायचं. तिचं नाव कंचन.

मधुमतीबाई जयसिंगपूरच्या. त्यांचे यजमान प्रल्हादराव विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आले, मिहीर इथल्याच शाळेत गेला, मग इथेच घर झालं, आणि निवृत्तीनंतर परत जायचं जायचं म्हणता म्हणता प्रल्हादराव वारले. ते गेले आणि घरातलं बोलणंच गेलं. मिहीर मराठी बोलतो, नाही असं नाही. पण ते मराठी म्हणजे हिंदीवर अंथरलेली चादर, जरा ओढली की खालची गादी दिसते. महाराष्ट्र मंडळ होतं, गणपतीला आणि कोजागिरीला सगळे जमायचे. पण तिथलं मराठी कडक इस्त्रीचं. तिथे बाईंना ‘कशा आहात आपण’ असं विचारायचे. आपण कशा आहोत हे सांगावंसं वाटायचं ते ‘काय काकू, कवा आलासा’ असं विचारणाऱ्याला, आणि तसं विचारणारं या शहरात कुणी राहिलं नव्हतं.

एकदा त्या दुकानात वांगी निवडत होत्या. निवडता निवडता स्वतःशीच पुटपुटल्या, ‘बियांनीच भरलंय नुसतं.’ मागून आवाज आला, “काकू, ती वांगी नका घेऊ. कालची हैत. उद्या सकाळी या, ताजी येत्यात.”

बाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. काउंटरवर नाकात बारीक फुली घातलेली, डोक्यावरून ओढणी घेतलेली, उघड उघड इथलीच दिसणारी एक बाई बसली होती.

“तू कुठली गं?”

“इचलकरंजीची. म्हंजे तशी हितलीच, मारवाडी. पर जल्म तिकडचा. बाबा सूतवाल्या शेठकडं कामाला हुते. लगीन झालं आन हिकडं आलो.”

बायकांनी ‘आलो, गेलो, बसलो’ म्हणायचं, ही तिकडची रीत. पुण्याकडच्या बायका त्याला हसतात. बाईंनी ते किती वर्षांनी ऐकलं होतं कोण जाणे. लग्न होऊन शहाण्या लोकांत आल्यावर त्यांनी स्वतःही ते सोडून दिलं होतं. घरी येताना त्या रस्त्यात दोनदा थांबल्या, आणि दोन्ही वेळा डोळे पुसले. वांगी आणायची राहिलीच.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कंचनच्या सासरी मराठीचा म सुद्धा कुणाला ठाऊक नव्हता. ती माहेरच्या बोलीत चुकून काही बोलली तर सासू म्हणायची, ही झोपेत बडबडते. म्हणजे भूक दोन्ही बाजूंनी होती. सामानाचे दोन जिन्नस मशीनखालून जाईपर्यंत दोघींचं भडंगात लसूण किती घालायची, पंचगंगेला पाणी किती आलं असेल, इचलकरंजीच्या बाजारात आता कुठे काय बसतं, असं सगळं बोलून व्हायचं. मागचं गिऱ्हाईक खाकरलं की कंचन म्हणायची, “उद्या या,” आणि बाई उद्या जायच्या.

मग दुकानाने मशिनी आणल्या.

एका सोमवारी बाई गेल्या तर काउंटरांच्या जागी पडदेवाल्या पेट्या ओळीने उभ्या. आपलं सामान आपण उचलायचं, काचेवर धरायचं, पिऊक वाजलं की बाजूच्या, वजन ओळखणाऱ्या पाटावर ठेवायचं, मोबाईलने पैसे भरायचे आणि निघायचं. नवा मॅनेजर पृथ्वीराज शिकवायला उभा होता. टाय लावलेला, हसतमुख, ‘माताजी, बहुत इझी है’ म्हणणारा. मिहीरनेही रविवारी येऊन आईला शिकवलं. तिला जमणार नाही असं धरूनच त्याने सुरुवात केली होती. बाईंनी एकदा पाहिलं आणि दुसऱ्यांदा स्वतः करून दाखवलं. प्रल्हादरावांच्या हाताखाली वर्षानुवर्षं विम्याचे कागद लावणाऱ्या बाई त्या, पेटीला काय घाबरणार.

“बघ, मतलब किती सोपं आहे,” मिहीर म्हणाला.

“हो रे, फारच सोपं आहे,” बाई म्हणाल्या, आणि जुन्या काउंटरच्या कोपऱ्याकडे बघत पिशवी उचलली.

कंचनला काढलं नव्हतं. तिच्या गळ्यात एक कार्ड अडकवून तिला त्या पेट्यांच्या मागे उभं केलं होतं. पेटी अडली की पेटीच्या डोक्यावर लाल दिवा लागायचा, आणि दिवा लागला तरच कंचनने तिकडे जायचं. एरवी गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. बाई सामान घेऊन पेटीशी जायच्या, कंचन दुरून हसायची, बाईही हसायच्या, पावती बाहेर यायची, आणि बाई दाराबाहेर. आठ दिवस हेच चाललं. बाईंच्या तोंडाची चव गेली. घरात टीव्हीवर मराठी वाहिनी लावून ठेवायच्या, पण टीव्ही उलट विचारत नाही, काकू, डोळे का सुजल्यात.

नवव्या की दहाव्या दिवशी सरळ चूकच झाली. बाईंनी आपली कापडी पिशवी सामानाच्या आधी पाटावर ठेवली. पेटीला तिचं वजन कळेना. ती हिंदीत म्हणाली, कृपया सहायक की प्रतीक्षा करें. डोक्यावर लाल दिवा लागला आणि कंचन धावत आली.

“काय झालं काकू?”

“काही नाही गं. पिशवी ठेवली.”

कंचनने कार्ड टेकवलं. टेकवून ती लगेच गेली नाही. “बाबांस्नी बरं न्हाई,” ती हळूच म्हणाली. “रातच्याला फोन आल्ता.” बाईंनी विचारलं काय झालं, तिने सांगितलं, बाईंनी काढा सांगितला. मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटाने बाईंचा दिवस सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवी पुन्हा पाटावर ठेवली. ही मात्र चूक नव्हती.

पुढे पुढे बाई त्यात तरबेज झाल्या. पेटीला कशाने चकवता येतं याची त्यांना इतकी बारीक माहिती झाली की ती बनवणाऱ्यालाही नसावी. मोहरीचं पाकीट एकदाच घेऊन दोनदा दाखवायचं. ठेवलेली साबणवडी उचलून परत ठेवायची. कोपर अलगद पाटावर टेकायचं, ते तर सगळ्यात नामी. लाल दिवा लागायचा, कंचन यायची, पडद्याकडे बघत दोघी खालच्या आवाजात बोलायच्या. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बिचारी म्हातारी, हिला काही समजत नाही. बाई तसं वाटू द्यायच्या. लोकांनी आपल्याला अडाणी समजावं आणि आपण मनात खूश असावं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिकडे कॉलनीत मशिनींवरून वातावरण तापलं होतं. अशा दुकानांसाठी सरकार नियम करणार, अशी बातमी आली. मसुद्यात होतं की मोठ्या किराणा दुकानाने, दुकान उघडं असेपर्यंत, किमान एक माणूस बसलेला काउंटर चालू ठेवलाच पाहिजे. त्यावर शहरातल्या झालाना भागातल्या सरकारी कार्यालयात जनसुनावणी ठेवली होती. रहिवासी समितीचे सेक्रेटरी रणजितजी एकदम अंगात आल्यासारखे कामाला लागले. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना लढायला काही मिळालं नव्हतं. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “मधुमतीजी, आप गवाही देंगी. मैंने खुद देखा है, वह मशीन आपको रोज कितना सताती है.”

बाईंना नाही म्हणता येईना. आणि खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. काउंटर परत आला तर कंचन परत खुर्चीवर बसेल. दिवा नको, कोपर नको. समोरासमोर बसून बोलता येईल. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

सुनावणीला मिहीरने रजा काढून गाडीने नेलं. आपल्या आईला सरकारदरबारी बोलायचंय याचं त्याला कौतुक होतं. हॉल भरलेला होता. वर टेबलाशी तीन अधिकारी, मधोमध चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई. आधी कॉलनीतल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या तक्रारींचा पाढा वाचला. कुणाला अक्षरं दिसत नाहीत, कुणाकडे तसला मोबाईल नाही. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. रणजितजी मिशीला हात लावत होते.

मग दुकानाच्या बाजूने पृथ्वीराज उठला. तोही तयारीत आला होता. नम्रपणे म्हणाला, मशीन अवघड नाही. आमच्या सगळ्या दुकानांत मदतीचा दिवा क्वचित लागतो. फक्त विद्याधर नगरला, तेही एकाच कर्मचारी बाईच्या पाळीत, तो सारखा लागतो. म्हणजे दोष मशीनचा नाही, त्या बाईचा आहे. तिला काम शिकवूनही येत नाही. महिना अखेर आम्ही तिला कमी करतोय. तिच्या जागी नीट माणूस आला की तक्रार उरणार नाही, आणि मग या नियमाची गरजच काय.

त्याने कंचनचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. हॉलमधला पंखा, रणजितजींची कुजबुज, काही त्यांना ऐकू येईना. आपण कोपर टेकत होतो आणि तिकडे तिच्या नावावर दिवे लागत होते, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“मधुमतीजी, अब आप,” रणजितजी म्हणाले. “बस इतना कहिए, मशीन मुश्किल है.”

बाई उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, “मशीन बिलकुल मुश्किल नहीं है.”

रणजितजींचा चेहरा पडला.

बाई हिंदीतच बोलल्या, थांबून थांबून. म्हणाल्या, ते दिवे माझे आहेत. त्या मुलीचा यात काही दोष नाही, ती तर दोन सेकंदांत पेटी सुरू करून देते. मला ती पेटी पाठ आहे. मी मुद्दाम पिशवी ठेवते, मुद्दाम हात टेकते. कारण काही बिघडलं तरच माणूस येतं, आणि बिघडलं नाही तर कुणी येत नाही. ती माझ्याशी माझ्या गावाकडचं बोलते. या शहरात तेवढी एकच माझ्याशी तसं बोलते. मी तिच्यासाठी दुकानात जाते, मोहरीसाठी जात नाही. माझ्या घरात मोहरीची अकरा पाकिटं पडली आहेत, कुणाला हवी असतील तर घेऊन जा.

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तो आपको काउंटर चाहिए या वह लड़की चाहिए?”

बाईंना खरं उत्तर माहीत होतं. पण ते सरकारला देण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, “काउंटर दीजिए. सबको कोई ना कोई चाहिए होगा.” आणि खाली बसल्या.

परतताना मिहीर गाडी चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, “आई, मतलब तू हे सगळं जानबूझकर करत होतीस? घरी मी आहे ना बोलायला.”

“आहेस रे. पण तू मला गोळी घेतली का एवढंच विचारतोस.”

“अजून काय विचारू?”

तो खरंच विचारत होता. त्याचा तरी काय दोष. आपण त्याला इथे वाढवलं, शाळेत पाठवलं, पहिला नंबर आला तर पेढे वाटले. मग घरी आल्यावर त्याने जयसिंगपूरचं बोलावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या त्या मान खाली घालून. पेटीवर साखर ठेवली, सगळं नीट केलं. दिवा लागला नाही. तरी कंचन आपणहून आली, सगळ्यांच्या देखत.

“मला ठावं हुतं काकू,” ती म्हणाली. “पिशवी रोज रोज चुकून कोन ठेवतंय?”

“मग बोलली का नाहीस गं? तुझी नोकरी जात होती.”

“मला बी यायचं असायचं की.”

नोकरी गेली नाही. इतक्या लोकांसमोर सगळं उघड झाल्यावर तिला काढणं पृथ्वीराजला शोभलं नसतं. थंडी संपता संपता नियम निघाला, मसुद्यात होता तसाच. दुकानात पुन्हा एक काउंटर लागला आणि खुर्चीवर कंचन बसली. रणजितजींनी त्या दिवशी दुकानासमोर लाडू वाटले. बाईंनी घरून भडंग करून नेलं.

ते दिवस फार चांगले गेले. बाई मिहीरलाही सांगायच्या, आज कंचन असं म्हणाली, तसं म्हणाली. मिहीर फ्रिज उघडून उभा असायचा आणि ऐकायचा.

उन्हं तापायला लागली आणि एका सकाळी कंचनने सामान घेताना बाईंच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. बाईंना वाटलं घरी काही झालं. “काकू,” ती म्हणाली, “बाबांच्या शेठनं आमच्या मालकांस्नी तिकडं बोलीवलंय. गोदामात काम हाय. ऱ्हायला खोली देत्यात.” ती हसू दाबत होती, बाईंना वाईट वाटेल म्हणून, आणि ते काही केल्या दाबलं जात नव्हतं. “मी चाललो काकू, इचलकरंजीला.”

मधुमतीबाईंना तिचा हेवा वाटला. मत्सरच म्हणा ना. ती इथली, तिच्या सात पिढ्या इथल्या, आणि जायचं तिने. आणि आपण तिकडच्या, आपण मात्र इथे. जयसिंगपूरचं घर विकून झालं होतं, भाऊ बेंगळुरूला मुलीकडे गेला होता. जावं म्हटलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं. हे सगळं त्यांच्या मनात एका दमात आलं. मग त्यांनी कंचनच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “चांगलं झालं बघ. बाबांना जप. पोचलीस की फोन कर.”

“करतो की.”

पण नव्या बिऱ्हाडाच्या गडबडीत फोन कुठला व्हायला. काउंटरवर अलवरची एक मुलगी आली. फार गोड मुलगी. ‘आंटीजी, आज पुदिना अच्छा है’ म्हणायची, पिशवी उचलून द्यायची. तक्रारीला जागाच नव्हती. नियमाने माणूस दिला होता आणि माणूस चांगला होता. बाई तिच्याशी चार शब्द बोलायच्या आणि घरी यायच्या. हळूहळू रोजचं जाणं आठवड्यातून दोनदा झालं.

अशाच एका संध्याकाळी त्या रांगेत उभ्या होत्या. काउंटरला आता चांगली रांग लागायची. पेट्या मोकळ्या असल्या तरी कॉलनीतली सगळी पांढरी डोकी इथेच उभी असत. बाईंचा नंबर येणार तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

“काकू, मी कंचन. आवाज येतोय का? मी बाजारात हाय, लई गर्दी हाय हितं. घरी जाऊन लावतो परत.”

“नको, नको. ठेवू नकोस.”

“काय म्हंतासा?”

“तू बोलू नकोस. फोन नुसता धर हातात, तसाच.”

कंचनला काय समजलं कोण जाणे, पण तिने तो धरला. बाईंनी फोन कानाशी घट्ट दाबला. आतून एकदम कालवा आला. कुणी ओरडत होतं, ‘घ्या वैनी घ्या, गावठी हाय, घ्या.’ कुणी बाई भांडत होती, ‘मागल्या बाजारला बी असंच म्हनून गळ्यात मारलासा.’ कुठेतरी पोर हट्टाला पेटलं होतं आणि त्याची आई त्याला अस्सल शिवी हासडत होती. बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

“आंटीजी, आइए ना,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“तुमी व्हा की पुढं,” बाई मागच्या फेटेवाल्या आजोबांना म्हणाल्या, सरळ आपल्या जयसिंगपुरीत. आजोबांना शब्द कळले नाहीत, पण ते पुढे गेले. मग त्यांच्या मागची बाई गेली, मग तिच्या मागचा गृहस्थ.

“काकू,” खूप वेळाने कंचनचा आवाज आला, “हाईसा न्हवं?”

“हाय की गं,” मधुमतीबाई म्हणाल्या. “जरा आनिक पुढं चल. भाजीच्या वळीकडं.”